उलटा अंथरलेला शिरदाक

आत-बाशी, १४ सप्टेंबर १९९६

प्रिय बुरुल,

तुला, कुबातला आणि पोरांना आम्हा सगळ्यांचा सलाम. माणसं धडधाकट आहेत ना, मेंढरं धडधाकट आहेत ना? आमच्याकडं गवत कापून झालं. कापलं सगळं एर्मेकनं आणि पाठ दुखते तुझ्या मेहुण्यांची. पंधरा दिवस झाले, चुलीजवळ पडून कण्हतायत. मी म्हटलं, पोरगा राबतो आणि कळा बापाला येतात, असा आजार नारीनच्या दवाखान्यात दाखवायला हवा. रुसले.

आता कामाचं. तुझी चोल्पोन सोळाची झाली. मावशीनं अंथरायला लोकरीचा शिरदाक दिल्याशिवाय ती सासरी गेली तर लोक माझ्या तोंडावर हसतील. एक हिवाळा लोकर थापण्यात जातो, दुसरा शिवण्यात, म्हणून आत्ताच हात घालते. यंदा लोकर बघशील तर तूप. दोन थर एकावर एक ठेवून मी स्वतः सुरी चालवणार. लालातली नक्षी निळ्यात बसवायची, निळ्यातली लालात, म्हणजे एकाच कापणीत दोन शिरदाक निघतात. एक चोल्पोनला, एक माझ्या घरात. एर्मेकही आता चोवीसचा आहे, आज ना उद्या सून येईल.

बाजारातून रंग आणलेत. रक्तासारखा लाल आणि संध्याकाळनंतरचा निळा, आईचाच जोड. विचारायचं म्हणून विचारते, तू ‘हो’ लिहून टाक, थोरल्या बहिणीला नाही म्हणू नये.

तुझी एजे,
कालिपा


तलास, २ ऑक्टोबर १९९६

प्रिय एजे,

पत्र मिळालं. इथं सगळे सुखरूप आहेत. कुबातनं यंदा घेवडा लावला, पीक बरं आलं. मुलं मजेत आहेत. मीही मजेत आहे. मेहुण्यांच्या पाठीला मेंढीची चरबी चोळ.

चोल्पोनची आठवण ठेवलीस, डोळे भरून आले. एकच विनंती आहे. लाल-निळा नको. लाल रंग उन्हानं उडतो, शिवाय हल्लीच्या मुलींना इतकं भडक आवडत नाही. तपकिरी-पांढरा कर, न रंगवलेल्या लोकरीचा. तुझे कष्टही वाचतील. तो नसेल जमत तर दुसरा कुठलाही कर, फक्त हे दोन एकत्र नकोत.

आम्ही सुखात आहोत. काळजी करू नकोस.

तुझी बुरुल


आत-बाशी, २० ऑक्टोबर १९९६

बुरुल,

तुझं पत्र वाचलं आणि लाल रंगाचा हंडा उकळत होता त्यात माझी पळी पडली, इतकी मी चकित झाले. उन्हानं उडतो म्हणे! आईचा शिरदाक चाळीस वर्षं झाली, अजून त्यावर मांजर बसलं तर लाल दिसतं. हे तुझ्या सासूनं शिकवलं ना? मेली तरी बोलते वाटतं ती तुझ्या तोंडून.

तपकिरी आणि पांढरा म्हणजे मेंढी जशी जन्मली तशी. मग मी काय केलं त्यात? लोक म्हणतील, कालिपाला रंग परवडला नाही.

तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. मला गोवर निघाला होता. आईनं मला तिच्या शिरदाकावर निजवलं आणि खिडक्या झाकल्या. ताप चढला की नक्षीतली लाल शिंगं हलायची, उतरला की निळ्यात जाऊन गप्प बसायची. आई म्हणायची, “लालावर पाय ठेवू नकोस, निळ्यावर ठेव, थंड वाटेल.” मी तापातसुद्धा पाय उचलून निळ्यावर ठेवायचे आणि खरंच थंड वाटायचं गं. आजसुद्धा हे दोन रंग शेजारी दिसले की मला आईचा हात कपाळावर वाटतो. माझ्या लग्नात तेच, एर्मेक जन्मला तेव्हा तेच. माझं सगळं बरं जे काही झालं ते याच दोन रंगांवर झालं. आणि तू म्हणतेस नको.

लाल तर उकळून झाला. निळा अजून थांबवलाय. खरं कारण लिही. मी तुझी थोरली बहीण आहे, बाजारातली बाई नाही.

कालिपा


तलास, ६ नोव्हेंबर १९९६

प्रिय एजे,

रागावू नकोस. सासूबाईंनी काही शिकवलं नव्हतं.

नुसत्या लाल रंगाचं मला काही वाटत नाही. चोल्पोनच्या वेणीला मी रोज लाल फीत बांधते. निळ्याचंही नाही, आभाळ तर रोजच डोक्यावर आहे. पण दोन्ही एकमेकांना चिकटून आले की मला तिथं बसवत नाही. त्या दोघांच्या मधली शिवण दिसली की मला उठून बाहेर जावं लागतं. गेल्या वर्षी शेजारणीच्या मुलाच्या बारशाला मी अशीच उठले, ताटातलं तळलेलं बोर्सोक हातातच राहिलं. लोकांना सांगितलं, पोटात कळ आली. आता तू म्हणशील बुरुल नाजूक झाली.

प्रत्येकाचं वेगळं असतं, एजे. मला हिरवा आणि पिवळा शेजारी दिसला की अजून बरं वाटतं. नववीच्या वर्गात भिंतीवर नकाशा होता, सखल प्रदेश हिरवा, पठार पिवळं. भूगोलाच्या बाई मला पुढं बोलावून छडी हातात द्यायच्या. तो जोड दिसला की माझी पाठ अजूनही ताठ होते. कुणाला सांगितलं तर हसतील. राखाडी आणि गुलाबी माझ्या धाकट्याला आवडत नाही, म्हणतो मेंढीच्या फुप्फुसासारखं दिसतं.

खाली दोन ओळी खोडल्या आहेत, त्या वाचायचा प्रयत्न करू नकोस. निळा हंडा चढवू नकोस एवढंच.

बाकी आम्ही सुखात आहोत.

तुझी बुरुल


आत-बाशी, १९ नोव्हेंबर १९९६

बुरुल, माझी बाई, आधी तोंड गोड कर!

घरात सून आली. हो हो, आली. खोडलेल्या ओळी मी दिव्यासमोर धरून पाहिल्या, काही दिसलं नाही. आता ते राहू दे, ही बातमी ऐक.

पोरगी कोच्कोरची, नाव बेगाइम, वय एकोणीस. नारीनला शिक्षिकेचं शिकत होती. एर्मेकनं तिला एका लग्नात पाहिलं होतं, एकदाच. त्याच्या मित्राकडं झिगुली आहे. मंगळवारी दुपारी पाहते तर काय, गाडी थेट अंगणात! मागच्या सीटवर पोरगी दोघांच्या मध्ये, एक बूट पायात, एक नाही. मी नवरीचा पडदा तयारच ठेवला होता, त्याच्यामागं आईचा लाल-निळा शिरदाक अंथरून. अगं, काय ताकद त्या मुलीत! चौघींनी धरली तेव्हा आत आली. माझ्या हाताला चावली, अजून वळ आहे. सुनेचा रुमाल डोक्यावर टाकला की फेकायची, टाकला की फेकायची. मी म्हटलं, ही माझी सून शोभते, मवाळ गाय काय कामाची?

एकदा सुटून दारापर्यंत गेली. आपल्या घरात आता म्हातारं कोण उरलंय? मग मीच उंबरठ्यावर आडवी पडले. मोठ्या बाईला ओलांडून कोण जाईल? ती उभी राहिली. मी खालून तिच्याकडं बघतेय आणि ती वरून माझ्याकडं. म्हणाली, “उठा ना हो मावशी, थंडी लागेल तुम्हाला.” मला हसूच आलं. मग वळून आत गेली.

एक गंमत सांगते. पडद्यामागं गेल्यावर तिनं काय करावं? शिरदाक उचलला, उलटा केला आणि पाठीवर बसली. मागचे टाके, गाठी, मळकी लोकर, त्याच्यावर! मी दोनदा सरळ केला, तिनं दोनदा उलटला. म्हटलं, “अगं, इतका सुंदर रंग तुला बोचतो की काय?” 

तिच्या घरी माफीला माणसं पाठवली. तिच्या आईचा निरोप आला की आता तिथंच राहा. तरी ही जेवेना. तेव्हा मी तिला तुझं सांगितलं. म्हटलं, “बघ बाई, माझ्या सख्ख्या बहिणीला फ्रुंझेहून असंच नेलं. राजधानीत परीक्षा द्यायला गेली होती. तिसऱ्या दिवशी मी गेले तर माझा कोट धरून रडत होती, सोडेना. मी एकेक बोट सोडवलं. आज तीन लेकरं आहेत, नवरा कष्टाळू आहे, प्रत्येक पत्रात लिहिते, आम्ही सुखात आहोत. वाचून दाखवू?” आणि खरंच पेटीतून तुझी चार-पाच पत्रं काढून वाचून दाखवली. ऐकत राहिली. मग विचारलं, “खरंच असं लिहिलंय?” मी कागद तिच्या हातात दिला. तिनं स्वतः वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा प्याली आणि रुमाल डोक्यावर राहू दिला.

तुझ्या पत्रांनी काम केलं गं, बुरुल. निका झाला, मेंढी कापली. तुझा वाटा कल्पनेनं खा.

तुझी एजे


तलास, ३ डिसेंबर १९९६

एजे,

हे पत्र मिळताच बेगाइमला तिच्या घरी पोचव. पुढचं नंतर वाच.

मी सुखात नाही. कधीच नव्हते. एकोणीस वर्षांतलं ते वाक्य तेवढं खोटं होतं आणि नेमकं तेच तू तिला वाचून दाखवलंस.

कुबातला मी त्याआधी पाहिलंसुद्धा नव्हतं. परीक्षेच्या पहिल्या पेपरानंतर फ्रुंझेच्या बस थांब्यावर उभी होते. इथं आणून पडद्यामागं बसवलं. खाली लाल-निळा शिरदाक होता. तीन दिवस मान वर केली की सासूबाई आणि कुबातची आत्या रुमाल घेऊन बसलेल्या, म्हणून मी मान खालीच ठेवली. लाल शिंगं मोजली, सतरा होती. सतरावं अर्धं पडद्याखाली गेलं होतं, ते मोजायचं की नाही यावर मी एक अख्खी दुपार काढली. दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी तुला लिहिणार नाही. माझा गाल त्या शिवणीवर होता. इतक्या जवळून लाल लाल दिसत नाही आणि निळा निळा दिसत नाही, दोन्ही मिळून काळं होतं.

तिसऱ्या दिवशी तू आलीस. तुझा आवाज अंगणात ऐकला आणि मला वाटलं संपलं, एजे आली. मग तू माझी बोटं सोडवलीस. करंगळीपासून सुरुवात केलीस. मला लोकांचं काय, आईचं काय, असं काहीतरी सांगत होतीस आणि तुझी नजर खाली शिरदाकावर होती. जाताना म्हणालीस, “बघ, आपल्या आईचाच जोड आहे, घरासारखं वाटेल.”

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा कुबात शेजारी बसला होता, म्हणून ‘मी सुखात आहे’ लिहिलं. दुसऱ्या वेळी तो शेजारी नव्हता. तरी तेच लिहिलं. तुला वाईट वाटू नये म्हणून असेल, किंवा तुझ्यावर रागावले होते म्हणून असेल. पुढं तर पत्र संपवायची ती सवयच झाली.

माझं जे झालं ते झालं. मी भांडत नाही. पण ती पोरगी माझ्यामुळं चहा प्यायली. एकोणीस वर्षांची मुलगी, तिला वाटलं तीन लेकरांनंतर बरं वाटतं. तिनं शिरदाक का उलटा केला हे जगात मला एकटीला कळतं, एजे. तिला बसमध्ये बसव. तिच्या आईच्या दारात उभी राहा आणि म्हण, चूक माझी होती. तुला ते जमतं, तू कुणालाही काहीही पटवून देऊ शकतेस.

बुरुल


आत-बाशी, २० डिसेंबर १९९६

बुरुल,

पत्र वाचलं. तुझ्या मेहुण्यांनी विचारलं काय आलंय, मी म्हटलं घेवड्याचा भाव. मग ते शिरदाकांच्या ढिगात खाली सरकवून ठेवलं.

दोन दिवस माझं डोकं चालेना. एकोणीस वर्षांत तुला एकदा तोंड उघडता आलं नाही? आई मरताना मला म्हणाली, बुरुलचं बरं झालं बघ. तेव्हा तू तिथं होतीस, पाय चेपत होतीस तिचे. मान हलवलीस. आता मला सांगतेस की मी तुझी बोटं सोडवली. मी पंचवीस वर्षांची होते. मला आईनं पाठवलं होतं, आईला बापानं. तुला घेऊन परत आले असते तर दारात कुणी घेतलं असतं, तूच सांग.

तू लिहितेस तिला सोड. कशी सोडू? निका झालाय. एर्मेक तिच्यावर हात उगारत नाही, दारू पीत नाही. तो कुबात नाही. तिच्यासाठी नारीनहून रंगीत पेन्सिली आणल्या त्यानं, ती चित्रं काढायची म्हणे. तशाच डब्यात पडल्यात.

पोरगी कामाला चांगली आहे, उलट उत्तर देत नाही. गेल्या आठवड्यात म्हटलं, लाल लोकर रंगवून पडलीय, दुसरा रंग तू निवड, तुझ्या हातचा पहिला शिरदाक कर. वाटलं, आवडीचा रंग दिला की मन लागेल. तिनं काय निवडावं? लाल बाजूला ठेवला. काळा घेतला आणि त्याच्या जोडीला काळ्यापासून ओळखू येणार नाही असा गडद निळा. मी म्हटलं, “अगं, नक्षी दिसणार कुणाला?” म्हणाली, “नाही दिसली तरी चालेल, आई.” मला आई म्हणते. दिवसभर खिडकीशी बसून शिवते. मी जवळ जाऊन पाहिलं तर टाके इतके बारीक, इतके सुबक, की मला रडू आलं. का ते माहीत नाही.

मला उन्हाळ्यापर्यंत वेळ दे. मार्चातला नोरूझचा सण होऊ दे, रस्ते उघडू देत, मी तिला नीट विचारीन. आत्ता बर्फ आहे.

कालिपा


तलास, ६ जानेवारी १९९७

एजे,

विचारू नकोस. ती ‘राहते’ म्हणेल. मीही म्हटलं असतं.

नोरूझची वाट पाहू नकोस. ज्या मुलीला नक्षी दिसली नाही तरी चालते, तिला वसंताचं काय? मी स्वतः येते. कुबातला सांगितलं तुझी तब्येत बिघडलीय. तो म्हणाला खिंडी बंद आहेत, उघडल्या की जा. हिवाळ्यात ट्रक चालवतो तो, त्याला रस्ते माहीत. तरी मी पोस्टात जाऊन तार करून पाहिली, तिथली बाई म्हणाली तुमच्या बाजूच्या तारा कुणी तांब्यासाठी कापून नेल्यात.

तोवर तिच्याशी नुसतं खरं बोल. माझं पत्र तूच तिला वाचून दाखव. तुझ्या तोंडून ऐकू दे, दुसऱ्या कुठून नाही.

बुरुल


आत-बाशी, १७ फेब्रुवारी १९९७

बुरुल,

तुझं जानेवारीचं पत्र पोचलं तेव्हा बेगाइमला जाऊन नऊ दिवस झाले होते.

जसं झालं तसं लिहिते. माझ्याच्यानं सजवून सांगवत नाही.

जानेवारीच्या अकरा तारखेला तिनं ऊन दाखवायला शिरदाकांचा ढीग बाहेर काढला. मी भट्टीत रोट्या लावत होते. ती आत आली, हातात तुझं पत्र. म्हणाली, “आई, तुमच्या बहिणीला अजून ती शिंगं आठवतात?”

मी म्हटलं, “दुसऱ्याची पत्रं वाचतात का?” असं म्हणाले मी, बुरुल. तोंडातून तेच आलं.

ती म्हणाली, “तुम्ही मला आधी पाच वाचायला दिलीत. मला वाटलं हेही माझंच.” मग म्हणाली, “एकोणीस वर्षं. मी हिशेब केला. एकोणीस वर्षांनी मी अडतीसची होईन.”

रडत नव्हती. तिनं तुझं पत्र घडी घालून माझ्या पिठाच्या हातात दिलं. “आता तरी जाऊ देता का?” असं विचारलं, शेजारच्या घरी जायचं असल्यासारखं.

रोट्या करपत होत्या. मी म्हटलं, “उद्या बोलू.” मी खरंच बोलणार होते. रात्रभर ठरवत होते, तुझ्या मेहुण्यांना काय सांगायचं, एर्मेकला काय सांगायचं, तिच्या बापाच्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं. सगळं ठरवलं होतं गं. सकाळी उठले तर तिचे बूट नव्हते.

नारीनची बस चार दिवस बंद होती हे तिला माहीत नव्हतं. थांब्यावर एका माणसानं पाहिलं. त्यानं सांगितलं, बस नाही, घरी जा पोरी. ती म्हणाली, घरीच चाललेय. आणि रस्त्यानं चालू लागली. दुपारी वारा सुटला. एर्मेक आणि त्याचे मित्र घोडे घेऊन गेले, खिंडीखालून परत आले, पुढं दिसेना. तिसऱ्या दिवशी गुराख्यांना सापडली. चढ चढून गेली होती, बुरुल. खिंड ओलांडून पलीकडच्या उतारावर होती. अजून दोन किलोमीटरवर पहिलं घर होतं.

चौकीवरून मिलिशियाचा माणूस आला, चहा प्याला, वादळात वाट चुकली असं लिहून गेला. वाट चुकली नव्हती.

तिची आई आली. मी पुढं झाले, तिनं मला हात लावू दिला नाही. म्हणाली, “तिला इथं पुरायचं नाही.” ट्रकमध्ये चढताना परत उतरली, माझ्यासमोर आली. मला वाटलं मारेल. हळू आवाजात म्हणाली, “तिनं मला निरोप पाठवला होता, मला ने म्हणून. मी म्हटलं राहा. तुम्ही काय म्हटलं होतं तिला?” मी म्हटलं, मी माझ्या बहिणीचं सांगितलं. तिनं विचारलं, “ती कशी आहे?”

मग ती ट्रकमध्ये चढली.

एर्मेक तबेल्यात झोपतो. काल विचारलं जेवतोस का, तर म्हणाला, “तू उंबरठ्यावर का झोपलीस?” त्यानं गाडीत घालून आणली आणि मला विचारतो. पण बरोबर विचारतो.

आईचा शिरदाक मी काल बाहेर काढला. तो माझा ताप, ते निळ्यावर पाय ठेवणं, आईचा हात, म्हटलं जरा तिथं जाऊन बसावं. बसले. काही आलं नाही. डोळ्यांसमोर ती पोरगी उभी, एक बूट पायात, आणि मी खाली आडवी. ‘थंडी लागेल तुम्हाला.’ किती वेळ बसले. आई आलीच नाही. इतकी वर्षं माझ्याकडं तेवढंच एक होतं आणि तेही गेलं. मागितलं म्हणून ते परत येणार नाही, मला माहीत आहे.

चोल्पोनसाठी आता काही करत नाही. हात धजत नाहीत.

कालिपा


तलास, ९ मार्च १९९७

एजे,

तुझं पत्र अंगणात उभ्यानं वाचलं. मग घेवडा निवडत बसले. संध्याकाळपर्यंत निवडला आणि नंतर लक्षात आलं की चांगलाच बाहेर टाकत होते.

तू सगळं स्वतःवर घेऊ नकोस, असं लिहायला बसले होते. ते खोटं होईल. तुझं तुझ्याकडं राहू दे. माझंही बरंच आहे. मी एकदा, अगदी एकदा, कुठल्याही वर्षी खरं लिहिलं असतं तर तुझ्या पेटीत ते एक पत्र असतं आणि तुला तिला वाचून दाखवायला काही उरलं नसतं. आणि खरं लिहिलं तेव्हा इतकं उशिरा लिहिलं की ती ते वाचून बर्फात गेली. माझ्या खोट्यानं तिला तिथं ठेवलं आणि माझं खरं तिला घेऊन गेलं. मी या दोन्हींतून कुठं बाहेर पडू ते मला दिसत नाही.

आणखी एक. कुबात म्हणाला खिंडी बंद आहेत, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. जायला नको म्हणून. तुझ्यासमोर बसून बोलायला नको म्हणून. तार करायला गेले आणि ती बाई म्हणाली तारा कापल्यात, तेव्हाही. हे कुणाला सांगणार? तुलाच सांगते.

चोल्पोनला मी सगळं सांगितलं. बेगाइमचं, माझं, तुझं. तिला समोर बसवलं आणि फ्रुंझेच्या बस थांब्यापासून सुरू केलं. सासूबाईंचा तो शिरदाक अजून माडीवर गुंडाळून पडलाय, मी तो खाली आणून तिच्यासमोर पसरला, पहिल्यांदाच. हात लावून दाखवलं, इथं गाल होता, हे सतरावं. म्हटलं, तुला कुणी असं नेलं तर पहिल्या घटकेला ओरड, दुसरीला चाव, आणि कितीही म्हातारी बाई उंबरठ्यावर पडली तरी तिला ओलांडून ये, मी इथं दार उघडं ठेवीन. कुणाला काही वाटलं तरी चालेल. मी ठेवीन.

तिनं नीट ऐकलं. ती तिच्या बापासारखी दिसते, तुला माहीत आहे, तेच कपाळ. मी बोलत होते आणि त्या कपाळाकडं बघत होते. संपल्यावर वाटलं, रडेल, मला मिठी मारेल.

ती म्हणाली, “मग तू अजून इथं का आहेस?”

चार दिवस झाले. ती रोज शाळेतून येते, दप्तर ठेवते आणि माझ्याकडं बघते. परत विचारत नाही. कुबात शेजारच्या खोलीत रेडिओ लावून बसतो. मी वाढते.

एजे, तिला काय उत्तर द्यावं हे तू मला लिहून कळवू नकोस.

बुरुल